दोन मिनिटांचं काम

सुतारकामाच्या दुकानातलं सगळ्यात धोकादायक वाक्य कुठलं? आमच्या चंद्रपूरकडे ते असं आहे - "मशीन कायले बंद करता? दोन मिनिटाचं तं काम हाये."

आपल्या धंद्यात या वाक्याचा एक सख्खा भाऊ आहे. "अरे, एका ओळीचा चेंज आहे, डायरेक्ट प्रॉडक्शनवर टाक." शुक्रवारी संध्याकाळी हे ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याने अजून पुरेसे शुक्रवार पाहिलेले नाहीत. पण आपलं नुकसान ते काय, तर शनिवार-रविवार जातो आणि क्लायंटची चार बोलणी खावी लागतात. सुताराच्या दुकानात बोट जातं. गेलेलं बोट रोलबॅक करता येत नाही.

तर आजचा विषय आहे लाकूड कापायच्या गोल करवतीच्या मशीनची, म्हणजे टेबल सॉची साफसफाई. हसू नका :) विषय वाटतो तितका किरकोळ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फिरणाऱ्या भागांची सफाई हे दुकानातलं पगारी, अनुभवी माणसाचं काम असायला हवं, आणि ते मशीन पूर्ण बंद करून व्हायला हवं. प्रत्यक्षात ते दुकानातल्या सगळ्यात नव्या पोराचं, बिनपैशाचं आणि बहुतेक वेळा पातं पूर्ण थांबायच्या आत उरकायचं काम असतं. असं का होतं आणि त्यात आपला म्हणजे गिऱ्हाइकांचा वाटा किती, हे जरा बघू.

आधी गावाबद्दल थोडं. चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या लोकांना ताडोबाचे वाघ, कोळसा आणि उन्हाळ्यातले ४७ अंश आठवतात. आम्हाला सागवानही आठवतं. बल्लारशाचा लाकडाचा डेपो आणि आलापल्लीचा साग ही नावं लाकडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते याच जिल्ह्यातून. २९ मार्च २०२३ ला बल्लारपूरहून त्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. आलापल्लीजवळचा 'वनवैभव' हा जुन्या जंगलाचा तुकडा २०१४ साली महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. क्षेत्र अवघं सहा हेक्टर, पण तिथली झाडं बघताना मान दुखते.

आता जिथे एवढं लाकूड तिथे लाकूड कापणारी यंत्रंही आलीच. आरागिरणी वेगळी, तिथे मोठमोठे ओंडके चिरतात आणि तिला वनखात्याचा परवाना लागतो. मी बोलतोय ते त्यानंतरच्या मशीनबद्दल. चिरलेल्या फळ्या आणि पट्ट्या ज्यावर कापतात ते सुताराच्या दुकानातलं 'कटर'. वर लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली शाफ्ट, दोन बाजूंना बेअरिंग, पुली, बेल्ट आणि मोटर. पातं वर-खाली करायला एक स्क्रू. बऱ्याच दुकानांत रंधा मशीन आणि कटर एकाच सांगाड्यावर असतं, म्हणजे एकाच मोटरवर दोघांचा संसार. कंपनीचं महागडं टेबल सॉ असेल तर पातं तिरकं करायची दातेरी कमानही असते. पण तत्त्व तेच.

साग हे लाकूड मोठं गुणी, पण मशीनच्या मुळावर येणारं. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूच म्हणा ना. तिच्यामुळे पात्याची धार लवकर जाते. साध्या पोलादी पात्याला सारखी कानस मारावी लागते, म्हणून आता बहुतेक ठिकाणी कार्बाइडच्या दातांची, बाजारात ज्यांना टीसीटी म्हणतात ती पाती वापरतात. दुसरं म्हणजे सागात तेल असतं. त्याच्यामुळेच ते वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही. पण तेच तेल पात्याच्या उष्णतेने भाजून दातांच्या बाजूला काळा, चिकट थर बनून बसतं. आणि तिसरा भुसा. सागाचा भुसा बारीक आणि किंचित तेलकट, जिथे बसेल तिथे बसून राहतो. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि त्याखालचं लोखंड गंजतं. उन्हाळ्यात तो मोटरच्या मागच्या पंख्याची जाळी बुजवतो, आणि बाहेर ४७ अंश असताना मोटरला मिळणारी तेवढीच हवाही बंद होते.

आता यात एक गंमत आहे, जी मला इंजिनियरिंगची डिग्री घेऊनही तिथे कोणी शिकवली नाही. मशीन जड फिरायला लागलं की माणूस पहिलं काय करतो? ग्रीस लावतो. पात्याच्या स्क्रूवर आणि दातेरी कमानीवर ग्रीस लावलं की दोन दिवस मशीन लोण्यासारखं चालतं. तिसऱ्या दिवशी भुसा त्या ग्रीसमध्ये कालवला जातो आणि त्याची जी पेस्ट होते तिच्यात सागाची सिलिका असते. म्हणजे आपण स्वतःच्या हाताने वंगणाच्या जागी पॉलिश पेपर लावून ठेवला! उघड्या स्क्रूवर आणि दात्यांवर कोरडं वंगण लागतं. पॅराफिनचं मेण, म्हणजे साधी मेणबत्ती घासली तरी चालते. ग्राफाइटची पूड चालते, टेफ्लॉनचा स्प्रे असेल तर उत्तमच. ग्रीस फक्त बेअरिंगमध्ये, आणि तेही ज्याला ग्रीस भरायचं निपल आहे त्यालाच, थोडंसं. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला काहीच नको. ते खराब झालं की बदलायचं.

"एवढं सगळं कशाला, चालतंय ना मशीन?" असं कोणीही विचारेल. चालतं खरं, पण लाकूड खाऊन चालतं. साधा हिशेब बघा. चांगलं, सरळ फिरणारं पातं साधारण तीन मिलिमीटरची फट पाडतं. फ्लँजमध्ये भुसा अडकला, बेअरिंग सैल झालं, दातांवर थर चढला, की तेच पातं डोलतं आणि फट चार मिलिमीटरची होते. एका फळीतून वीस पट्ट्या काढल्या तर वीस मिलिमीटर लाकडाचा भुसा जास्त झाला, म्हणजे दोन सेंटिमीटरची एक अख्खी पट्टी गेली. वर डोललेल्या पात्याने कापलेली बाजू खडबडीत येते, म्हणून रंधा जास्त मारावा लागतो, म्हणजे आणखी लाकूड गेलं. सागाचं झाड जाड लाकूड द्यायला साठ-ऐंशी वर्षं घेतं. आपल्या आजोबांच्या जन्मावेळी रुजलेलं झाड आपण एका मळलेल्या फ्लँजपायी भुशात घालवायचं?

दुसरा हिशेब अंगावर काटा आणणारा आहे. दहा इंची पातं मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला साधारण ४० मीटर होतो. म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, चांगल्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू. पात्याची मागची बाजू खालून वर येत असते. कापलेलं लाकूड मिटून त्या बाजूला चिमटलं, किंवा गाइड पात्याला समांतर नसल्यामुळे लाकूड तिकडे दाबलं गेलं, तर पातं ते लाकूड उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतं. आणि त्या लाकडावर दाबून ठेवलेला हात पात्याकडे ओढला जातो. हे होऊ नये म्हणून पात्याच्या मागे एक पोलादी पट्टी असते, रायव्हिंग नाईफ, जी कापलेली फट उघडी धरते. आमच्याकडच्या बहुतेक मशीनवर ती मला दिसलेली नाही. आणि जिथे असते तिथे ती पात्यासोबत वर-खाली व्हायच्या जागी भुशाने जाम झालेली असते, मग वैतागून कोणीतरी काढून ठेवतं. म्हणजे सफाई न केल्याने पहिला बळी जातो तो सुरक्षेच्या साधनाचा. मग माणसाचा नंबर.

मग सफाई करायची कशी? रॉकेट सायन्स नाही. प्लग काढायचा किंवा मेन बंद करायचा. पातं आपोआप थांबायची वाट बघायची, लाकडाच्या तुकड्याने दाबून थांबवायचं नाही. मग पातं काढायचं. कोमट पाण्यात कपडे धुवायचा साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून त्यात ते पंधरा मिनिटं ठेवायचं आणि नायलॉनच्या ब्रशने दात घासायचे. तारेचा ब्रश नको, आणि कॉस्टिकसारखं जहाल काही नको. लगेच कोरडं पुसून तेलाचा हलका हात फिरवायचा आणि तोही पुसून घ्यायचा. पातं बाहेर आहे तोवर फ्लँजच्या दोन्ही चकत्या पुसायच्या. तिथे भुशाचा एक कण राहिला तरी दहा इंचांवर तो डोलण्याच्या रूपात दिसतो. स्क्रू आणि दात्यांवरचं जुनं ग्रीस खरवडून काढायचं (जुना टूथब्रश झिंदाबाद) आणि मेण घासून स्क्रू दोन-तीनदा पूर्ण वर-खाली फिरवायचा. बेल्ट उतरवून शाफ्ट हाताने फिरवायचा. खरखर लागली तर बेअरिंगचे दिवस भरलेत. बेल्टाला चिरा आहेत का बघायचं, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का बघायचं. बेल्टावर तेल पडू द्यायचं नाही. ताण किती? बेल्टाचा मोकळा भाग मधोमध बोटाने दाबला तर त्याच्या लांबीच्या चौसष्टाव्या भागाएवढा आत जावा, म्हणजे दोन फुटांच्या बेल्टाला साधारण एक सेंटिमीटर. मोटरची जाळी साफ करायची. टेबलाला मेण लावायचं, सिलिकॉनचं पॉलिश नाही, ते लाकडाला लागलं की पुढे त्यावर पॉलिश नीट बसत नाही. शेवटी पातं चढवून गाइड समांतर आहे का मोजायचं. झालं.

एक गोष्ट राहिली. भुसा फुंकर मारून किंवा ब्लोअरने उडवायचा नाही. तो ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढायचा, तोंडाला मास्क बांधून. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे. ब्लोअर भुसा साफ करत नाही, तो मशीनवरून उचलून फुप्फुसात ठेवतो.

रोजचं काम पंधरा मिनिटांचं, आणि पातं काढून सगळं करायचं तर आठवड्यातून एकदा तास-दीड तास. एवढंच आहे तर लोक करत का नाहीत? मिस्त्री आळशी आहेत म्हणून? अजिबात नाही. सकाळी आठला उभा राहिलेला माणूस रात्री आठपर्यंत उभाच असतो. त्याला पैसे मिळतात ते दाराच्या, खिडकीच्या, पलंगाच्या हिशेबाने. सफाईचे पैसे कोणीच देत नाही. मग जे काम फुकट करायचं ते दुकानात जो सगळ्यात स्वस्त आहे त्याच्याकडे जातं, म्हणजे नव्या पोराकडे. आणि ते कधी करायचं? चालू कामाच्या फटीत. मिस्त्री बिडी ओढायला किंवा फोनवर बोलायला बाजूला झाला की, "ए पोट्ट्या, फडकं मार जरा."

हे आपल्याला ओळखीचं वाटत नसेल तर नवल आहे. नवा जॉइन झालेला मुलगा कुठे जातो? मेंटेनन्सला. प्रमोशन कोणाला मिळतं? ज्याने नवीन मॉड्यूल लिहिलं त्याला. ज्याने सहा महिने जुन्या मॉड्यूलची मेमरी लीक शोधली त्याला अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. जे पडलं नाही त्याचं श्रेय कोणाला देणार? असो. आपलं रडगाणं इथेच थांबवतो, कारण आपल्याकडच्या मेंटेनन्समध्ये बोटं शाबूत राहतात.

फडकं मारण्यात धोका काय? मोटर बंद केल्यावरही पातं बराच वेळ फिरत राहतं. मोटरचा आवाज थांबला की मशीन थांबलं असं कानाला वाटतं, त्यात शेजारी रंधा चालू असेल तर काहीच ऐकू येत नाही. डोळा तरी सांगेल? तिथेही गडबड आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. थांबत आलेल्या पात्याचा वेग अशा एखाद्या आकड्यावर आला की दर लुकलुकीला एका दाताच्या जागी बरोबर दुसरा दात येतो, आणि फिरणारं पातं डोळ्याला थांबलेलं दिसतं! फिजिक्सच्या पेपरात यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. दुकानात त्याचे मार्क वेगळ्या प्रकारे कापले जातात.

आणि मग लाइट. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी भारनियमनाच्या वर्षांत त्याच्या सावलीतल्या गावांमध्येही तासन् तास लाइट जायची. आता तसं भारनियमन नाही, पण पावसाळ्यात वारा सुटला की जाते ती जातेच. लाइट गेली की दुकानात काय करतात? बरोबर. सफाई! नाहीतरी मशीन बंदच आहे. पण बंद मशीन आणि लाइट गेलेलं मशीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या मशीनला साधा स्विच आहे ते, स्विच चालूच राहिला असेल तर, लाइट येताच आपणहून सुरू होतं. त्या क्षणी पात्याशी कोणाचा हात आहे हे महावितरणला कसं कळणार?

यावर उपाय जुना आणि साधा आहे. हिरवं-लाल बटण असलेला डीओएल स्टार्टर. त्यात एक कॉइल असते. लाइट गेली की ती सुटते आणि लाइट आल्यावर कोणीतरी हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन हलत नाही. शेतातल्या मोटारपंपाला जो स्टार्टर असतो त्यातलाच प्रकार. मोटारीला त्याच्यामुळे ओव्हरलोडचं संरक्षणही मिळतं. चांगल्या टीसीटी पात्याला जे पैसे पडतात साधारण त्याच हिशेबातली ही गोष्ट आहे. तरीही दुकानात पातं आधी येतं. पातं दार बनवतं, स्टार्टर काहीच बनवत नाही ना!

मूल रस्त्यावरच्या एका दुकानात मात्र मी एक फार सुंदर गोष्ट पाहिली. तिथले मिस्त्रीकाका साठीचे. संध्याकाळी काम संपलं की ते बोर्डावरची किटकॅट काढतात, तीच ती चिनी मातीची फ्यूज, आणि सरळ शर्टाच्या खिशात घालतात. मग पोराला घेऊन स्वतः सफाईला बसतात. मी विचारलं, "काका, बोर्डावर तशीच काढून ठेवली तर? खिशात कशाला?"

"अरे बाबू, बोर्डावर राहिली तं कोनी बी येऊन लावते. माझ्या खिशात हाये तं मले इचारल्याबिगर मशीन नाई चालत."

बस्स. अमेरिकेत १९८९ साली या एका कल्पनेवर अख्खा नियम निघाला. लॉकआउट-टॅगआउट म्हणतात त्याला. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. डेटाबेसमध्ये ज्याने लॉक घेतलं त्यानेच सोडायचं, तसंच. आपल्याकडे वायरमनला हे पक्कं ठाऊक असतं. सबस्टेशनवरून परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, आणि परमिट परत केल्याशिवाय तिकडून लाइन चालू करायची नाही, हा त्याच्या कामाचा पहिला धडा. काकांनी तोच धडा एका किटकॅटवर बसवला.

कायद्यात हे नव्हतं का? होतं की. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २१ म्हणत होतं की यंत्राचे धोकादायक भाग झाकलेले हवेत. कलम २२ तर खास याच विषयावर होतं. यंत्र चालू असताना त्याची तपासणी, वंगण किंवा जुळणी करणं भागच असेल तर ते फक्त खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ कामगाराने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायचं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मोटरची किंवा पुली-बेल्टची सफाई यंत्र चालू असताना करायला लावायचीच नाही. १९४८ साली ज्यांनी हे लिहिलं त्यांना "ए पोट्ट्या, फडकं मार" हे वाक्य चांगलंच माहीत असणार. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण कारखाना म्हणजे काय? जुन्या कायद्याच्या मूळ व्याख्येत वीज वापरणाऱ्या जागी किमान दहा कामगार हवे होते, नव्या संहितेत वीस. तीन माणसं आणि एक पोरगं असलेलं दुकान तेव्हाही कारखान्याच्या व्याख्येबाहेर होतं आणि आताही आहे. तिथे निरीक्षक यायचा नाही. तिथे खिशातली किटकॅट हाच काय तो कायदा.

आपल्यापैकी काही जण इथे हात वर करतील, "यावर टेक्नॉलॉजी आहे!" आहे ना. स्टीफन गास नावाच्या अमेरिकन माणसाने, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट आणि व्यवसायाने पेटंट वकील, १९९९ साली सॉस्टॉपची कल्पना काढली. पात्याला बोट लागलं की विजेच्या संकेतातला फरक ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबतं. बोटाला खरचटण्यावर निभावतं. अफाट इंजिनियरिंग आहे, टोपी काढतो. पण जिथे वर्षाला सुमारे तीस हजार लोक टेबल सॉच्या पात्याने जखमी होतात त्या अमेरिकेतही ते सक्तीचं करायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं रखडून २०२५ साली मागे घेतला गेला. ते मशीन महाग, एकदा ब्रेक लागला की ठोकळा आणि बहुधा पातंही बाद, आणि लाकूड फार ओलं असेल तर ब्रेक उगाच लागू शकतो. चंद्रपूरच्या दुकानात ते येईल तेव्हा येवो. तोवर? आणि आलं तरी त्याच्या आतला भुसा कोणीतरी काढावाच लागेल.

आता आपण. हो, पुण्या-मुंबईत फ्लॅट घेऊन फर्निचर करून घेणारे आपण. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर काम चालू असेल तर जरा बघून या. प्लायवूडच्या तुकड्याला भोक पाडून, हातात धरायचं कटर त्याखाली उलटं बसवलेलं असतं आणि त्याचा स्विच टेपने कायमचा दाबून बांधलेला असतो. हे आपलं टेबल सॉ! त्याला ना झाकण, ना स्टार्टर, ना रायव्हिंग नाईफ. बंद करायचं म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डातून वायर उपटायची. आणि त्या मिस्त्रीला आपण काय सांगितलेलं असतं? "गृहप्रवेशाच्या आत झालंच पाहिजे" आणि "स्क्वेअर फुटाचा रेट जरा कमी करा की." शेवटचे पन्नास रुपये आपण जिथून कापून घेतो ना, ती सफाईची पंधरा मिनिटं असतात. रेटमध्ये दुसरं कापण्यासारखं उरलेलंच नसतं.

पंधरा मिनिटं म्हणजे आठ तासांतले तीन टक्के. आपल्या वार्षिक मेंटेनन्स काँट्रॅक्टचा दर याच्या कितीतरी पट असतो, आणि क्लायंट तो मुकाट्याने देतो. मग फर्निचरच्या बिलात तीन टक्के 'मशीन देखभाल' असं लिहून आलं तर आपण का कुरकुरावं? उलट ते लिहून यावं असं मला वाटतं. पैसे मिळाले की काम दिसतं, आणि दिसणारं काम मोठा माणूस करतो.

सरकारकडूनही एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर. त्या प्रशिक्षणात अर्धा दिवस फक्त मशीन बंद करणं, उघडणं आणि पुसणं यासाठी द्यावा, आणि व्हाउचरवर विजेचं मशीन घेणाऱ्याला स्टार्टर बंधनकारक करावा. नवी योजना नको, नवी समिती तर नकोच नको.

आणि ज्यांना हे सगळं परकं, कंपनीछाप वाटतं त्यांना खंडेनवमीची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या दिवशी दुकानातलं प्रत्येक मशीन बंद असतं. सगळं धुऊन पुसून, तेलपाणी करून, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून ठेवतात. सफाई त्या दिवशी पोरावर सोडत नाहीत, घरातला कर्ता माणूस स्वतः करतो. पूजा झाली की त्या दिवशी मशीनला कोणी हात लावत नाही. मशीन बंद, सफाई पूर्ण, करणारा अनुभवी, आणि त्या वेळात धंदा होत नाही म्हणून कोणी हळहळत नाही. मला हवं ते सगळं यात आहे. फक्त वर्षातून एकदा आहे. सिलिका वर्षभर थांबत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात सुतारकाम काढलंत तर तीन गोष्टी करा. मुदतीत आठवड्याला अर्धा दिवस मशीनसाठी धरा. रेट ठरवतानाच देखभालीचे पैसे वेगळे काढा. आणि मिस्त्रींना चहा देताना सहज विचारा, "पातं शेवटचं कधी काढून पुसलं होतं?" उपदेश करू नका, त्यांना लाकडातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. नुसतं विचारा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर ते काम दोन मिनिटांचं राहत नाही.